बधिर पोटाचा शूळ

पोटदुखीस आपल्या भाषेंत फारशी प्रतिष्ठा नाहीं. शाळा चुकविणाऱ्या पोराचें पोट दुखतें. शेजाऱ्याचा उत्कर्ष ज्याला पाहवत नाहीं त्याला ‘पोटशूळ उठला’ असें आपण म्हणतों. आणि चारचौघांत न सांगण्यासारखी कोणतीहि अडचण ‘जरा पोट बरें नाहीं’ या सबबीखालीं बिनधोक झांकून टाकतां येते. दाढ दुखते म्हणणाराकडे पाहून आपला हात नकळत आपल्याच गालाकडे जातो. पोट दुखतें म्हणणाराला मात्र पहिला प्रश्न येतो तो ‘काय खाल्लें होतेंस?’ हाच. अशा या अप्रतिष्ठित दुखण्याचा एक प्रकार तर असा आहे कीं, त्यावर रोग्याचे आप्तच काय, पण वैद्यहि पुष्कळ काळ विश्वास ठेवीत नव्हते. पाठीचा कणा मोडून आंतील मज्जारज्जु तुटला किंवा चेंगरला म्हणजे त्या जागेखालचें शरीर बधिर होतें. ज्या मनुष्याला बेंबीखालीं टांचणी टोंचलेली कळत नाहीं, त्याच्या त्याच पोटांत रोज संध्याकाळीं कळा येतात, असें कोणीं सांगितलें तर ऐकणाराला ती थट्टा वाटावी यांत नवल नाहीं.

या विषयाकडे माझें लक्ष वळलें त्याचें कारण घरगुती आहे. आमचे एक आतेबंधु कोंकणांत आंबे उतरवितांना झाडावरून पडले आणि पाठीचा दहावा मणका मोडून कमरेखालीं कायमचे पंगु झाले. प्राण वांचले, जखमा भरल्या, चाकांची खुर्ची आली, आणि घरांतील माणसें या नव्या व्यवस्थेला सरावूं लागलीं, तोंच दीडएक वर्षानें पोटाचें हें दुखणें सुरू झालें. ज्या डॉक्टरांकडे त्यांना प्रथम नेलें त्यांनीं पोट चांचपून विचारलें, “येथें हात लावलेला कळतो का?” बंधु म्हणाले, “नाहीं.” “मग दुखेल कसें?” डॉक्टर हंसून म्हणाले आणि त्यांनीं झोंपेचें औषध लिहून दिलें. परत येतांना गाडींत बंधु एक अक्षरहि बोलले नाहींत. मला त्या डॉक्टरांचा राग आला होता, हें कबूल करतों. पुढें या विषयावरील जुनें-नवें वाङ्मय चाळूं लागलों तेव्हां दिसून आलें कीं, त्यांचा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासांत पुष्कळ मोठमोठ्यांना पडलेला होता; फरक इतकाच कीं, त्यांपैकीं कांहींजण उत्तर येईपर्यंत रोग्याच्या खाटेपाशीं थांबले.

मज्जारज्जूच्या इजेचें सर्वांत जुनें वर्णन ईजिप्तमध्यें सांपडतें. एड्विन स्मिथ नांवाच्या अमेरिकनानें १८६२ सालीं लक्सर येथें विकत घेतलेला आणि जेम्स हेन्री ब्रेस्टेड यानें भाषांतर करून १९३० सालीं प्रसिद्ध केलेला एक पपायरस आहे. त्याची उपलब्ध प्रत ख्रिस्तपूर्व सुमारें १६०० च्या काळांतील असून मूळ ग्रंथ त्याहूनहि जुना आहे. त्यांत अठ्ठेचाळीस रोग्यांची हकीकत क्रमानें दिली आहे. त्यांतील एकतिसावा रोगी मानेचा मणका निखळलेला. त्याला आपले हातपाय असल्याची जाणीव नाहीं, मूत्र न कळत ठिबकतें, डोळे लाल झाले आहेत आणि देहांत वारा शिरला आहे. हा शेवटचा उल्लेख पोटफुगीचा असावा असें मला वाटतें. कारण अशा इजेनंतर आंतड्यांची हालचाल थांबून पोट नगाऱ्यासारखें फुगतें, हें आज सर्वांना माहीत आहे. म्हणजे पोटाची तक्रार पहिल्याच नोंदींत हजर आहे. निर्णय मात्र एका ओळीचा: या व्याधीवर उपचार करूं नये.

आपल्याकडे सुश्रुतानें अस्थिभंगाच्या चिकित्सेंत ‘कपाटशयन’ सांगितलें आहे. रोग्याला फळीवर निजवावयाचें आणि तो हालूं नये म्हणून पांच खुंट्या ठोकून बांधून ठेवावयाचें. हा विधि मांडी-पोटऱ्यांच्या भंगाकरितां सांगून श्रोणि आणि पृष्ठवंश यांनाहि तो लावावा असें पुढें म्हटलें आहे. मोडलेला कणा हलवूं नये हें तत्त्व आजहि कोणी नाकारणार नाहीं. तथापि फळीवर बांधलेल्या बधिर मनुष्याच्या पाठीला पडणारीं क्षतें आणि तुंबलेलें मूत्र यांपुढें त्या काळीं कोणाचेंच कांहीं चालत नसे.

आणि येथेंच या इतिहासांतील पहिली महत्त्वाची गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. कित्येक शतकें या रोग्यांना जुनाट पोटदुखी झाली नाहीं, याचें कारण ते तितके दिवस जगलेच नाहींत. ता. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईंत अॅडमिरल नेल्सन याच्या डाव्या खांद्यांतून शिरलेली गोळी फुप्फुस फोडून कण्यांत जाऊन बसली. छातीखालचें चलनवलन आणि संवेदना गेल्याचें त्यानें स्वतःच शल्यवैद्य विल्यम बीटी यास सांगितलें. आपल्याच जहाजावरील एका खलाशाचा असाच शेवट त्यानें पाहिला होता, म्हणून त्याला निदान विचारण्याची गरज पडली नाहीं. सुमारें तीन तासांत तो गेला. त्याला काळानें लवकर सोडविलें. सामान्य शिपायाला तें होण्यास कांहीं आठवडे लागत.

याला अपवाद एकच होता. मज्जारज्जु गोळीनें न तुटतां उपदंशाच्या जुन्या विषानें मागच्या बाजूनें हळूहळू झिजत गेला, तर रोगी वर्षानुवर्षें जगे. या रोगाला ‘टेबीस डॉर्सालिस’ असें नांव होतें. पायांखालची जमीन कळेनाशी होई. परंतु पोटांत अकस्मात् असा भयंकर शूळ उठे कीं, तो तासन् तास, कधीं दिवसेंदिवस टिके, वांत्या होत, आणि मग आला तसा निघून जाई. पॅरिसच्या शार्कोनें या आवेगांकडे बारकाईनें पाहिलें. पोट उघडून पाहिल्यास तेथें कांहींच सांपडत नसे. दुखण्याचें उगमस्थान पोटांत नसून पाठींत होतें. शार्कोचा एक रोगी सुप्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार आल्फोन्स दोदे हा होता. दोराला टांगून कणा ताणण्यापासून लामालूच्या औषधी स्नानांपर्यंत सर्व उपाय त्यानें सोसले, आणि १८९७ सालीं मरेपर्यंत आपल्या वेदनांची टिपणें करून ठेविलीं. तीं ‘ला दूलू’ या नांवानें त्याच्या पश्चात् छापलीं गेलीं. हातांत कसलेली लेखणी असलेल्या मनुष्यालाहि वेदना शब्दांत बांधणें किती अवघड जातें हें त्या पुस्तकावरून कळतें. मग आंबे उतरविणाऱ्या मनुष्यानें डॉक्टरपुढें काय सांगावें?

ब्रेस्लाउ येथील ओटफ्रिड फॉर्स्टर यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं असल्या शूळावर शस्त्राचा उपाय काढला. पोटाकडून संवेदना आणणारीं मज्जातंतूंचीं मुळें मणक्यांतून आंत शिरतात तेथेंच तीं कापून टाकावयाचीं. १९१२ सालीं फिलाडेल्फियाच्या स्पिलर आणि मार्टिन यांनीं याहि पुढें जाऊन, वेदना वर नेणारा मज्जारज्जूचा पुढचा-बाजूचा पट्टाच छेदल्याचें प्रसिद्ध केलें. या दोन्ही शस्त्रक्रियांमागें एक साधी, पटण्यासारखी कल्पना होती: वेदना हा तारेनें येणारा निरोप आहे, तार तोडा, निरोप बंद होईल. पुष्कळदां तो बंद होईहि. परंतु कांहीं रोग्यांत कांहीं महिन्यांनीं किंवा वर्षांनीं निरोप पुन्हा येऊं लागे. तार तर तुटलेली होती. मग निरोप कोण पाठवीत होतें?

याचें उत्तर मिळण्यापूर्वीं एक महायुद्ध व्हावें लागलें. लंडनच्या एम्पायर हॉस्पिटलांत हेन्री हेड आणि जॉर्ज रिडॉक यांच्या हातीं कण्यांत गोळी लागलेले अधिकारी आले. हेड हा विलक्षण मनुष्य. आंतील इंद्रिय बिघडलें असतां त्वचेचा कोणता भाग दुखरा होतो याचा नकाशा त्यानें १८९० नंतरच्या दशकांत तयार केला होता. आणि तंतु कापल्यावर संवेदना कशी परतते हें कळावें म्हणून १९०३ सालीं आपल्याच हाताचा एक ज्ञानतंतु कापवून घेतला होता. तो कविताहि करी. दुसऱ्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवण्यासाठीं स्वतःचा हात कापून घ्यावा लागतो असें नाहीं. पण ज्यानें तो घेतला तो रोग्याच्या शब्दाला हंसणार नाहीं, हें उघड आहे. १९१७ सालीं या दोघांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें आहे कीं, इजेखालचा मज्जारज्जु मेलेला नसतो. तो मेंदूपासून तुटलेला असतो. मूत्राशय भरला, पायाला टोंचलें, कीं रोग्याला कांहीं न कळतां त्याचे पाय आखडतात, मूत्राशय आपोआप रिकामा होतो आणि अंगाला दरदरून घाम सुटतो. धन्याला खबर न देतां खालच्या मजल्यावरचे नोकर आपापसांत कारभार चालवीत आहेत, असा हा प्रकार. तरी त्या युद्धांतील असे बहुसंख्य जखमी शय्याव्रणांनीं व मूत्रमार्गाच्या विषारानें मेलेच.

त्या युद्धाच्या काळांतच, १९१७ सालीं, वरच्या सायलेशियांतील कोनिग्सह्यूटेच्या इस्पितळांत स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या लुडविग गुटमान नांवाच्या मुलानें कणा मोडलेला एक दांडगा खाणमजूर पाहिला. त्याच्या हकीकतीची नोंद करण्याची तसदी घेऊं नको, हा थोड्याच आठवड्यांचा सोबती आहे, असें त्या मुलाला सांगण्यांत आलें; आणि पांच आठवड्यांनीं तो मजूर खरोखरच मेला. गुटमान पुढें फॉर्स्टरच्याच हाताखालीं तयार झाला, ज्यू असल्यामुळें १९३९ सालीं त्याला जर्मनी सोडून इंग्लंडांत यावें लागलें, आणि ता. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळांत मज्जारज्जूच्या जखमींचा विभाग त्याच्या स्वाधीन करण्यांत आला. बॉस्टनच्या डोनल्ड मन्रो यानें त्यापूर्वींच अमेरिकेंत या दिशेनें वाट पाडली होती. गुटमाननें शोधून काढलेलें रामबाण औषध असें कांहीं नव्हतें. दर दोन तासांनीं, दिवसा आणि रात्रीं, रोग्याची कूस बदलावयाची. मूत्राची नळी स्वच्छ हातांनीं व वेळच्या वेळीं घालावयाची. आणि त्याला अंथरुणांतून उठवून कामाला लावावयाचें. रात्रीं तो स्वतः कूस बदलली कीं नाहीं हें पाहात हिंडे. माणसें जगूं लागलीं. ता. २९ जुलै १९४८ रोजीं इस्पितळाच्या हिरवळीवर सोळा पंगु खेळाडूंनीं धनुर्विद्येचे सामने केले, त्यांतूनच पुढें पॅरालिंपिक क्रीडामहोत्सव वाढला. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालीं पंगु झालेले सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें तें याच परंपरेंत. आणि पुण्याजवळ खडकी येथें पंगु जवानांसाठीं १९७४ पासून चाललेलें पुनर्वसन केंद्रहि त्याच विचाराचें अपत्य आहे.

परंतु माणसें जगूं लागलीं म्हणजे त्यांना दुखूंहि लागतें. जुनाट पोटदुखी हें या अर्थानें वैद्यकाच्या यशाचें अपत्य आहे, आणि बापानें तें ओळखण्यास बराच वेळ घेतला.

ओळख पटण्याची पहिली पायरी १९४७ सालची. गुटमान आणि शरीरशास्त्रज्ञ व्हिटरिज यांनीं रोग्यांच्या मूत्राशयांत हळूहळू पाणी भरून रक्तदाब मोजला. ज्यांची इजा छातीच्या वरच्या मणक्यांशीं होती त्यांना मूत्राशय भरल्याचें मुळींच कळेना. मात्र रक्तदाब झपाट्यानें चढला, नाडी मंद झाली, चेहरा लाल झाला आणि डोकें फुटेल असें ठणकूं लागलें. पोटांतील फिर्याद डोक्याच्या न्यायालयांत दाखल झाली, ती अशी. आज हें इतकें निश्चित झालें आहे कीं, सहाव्या पाठमणक्याच्या वर इजा झालेल्या मनुष्याला अकस्मात् ठणका व घाम सुटला तर प्रथम त्याला उठवून बसवावें, कपडे सैल करावे, मूत्राची नळी मुडपली अगर तुंबली आहे का पाहावें, आणि तें नसेल तर गुदांत मळ अडकला आहे का पाहावें, असें घरच्या माणसांनाहि शिकवितात. ही फिर्याद ऐकली नाहीं तर मेंदूंत रक्तस्राव होऊन मनुष्य दगावूं शकतो.

दुसरी पायरी तार तुटूनहि निरोप येतो या कोड्याची. १९६५ सालीं मेलझॅक आणि वॉल यांनीं मांडलें कीं, वेदना ही नुसती तार नसून मज्जारज्जूंत तिला अडविणारें वा सोडणारें एक दार आहे. पुढें १९७८ सालीं त्याच मेलझॅकनें लोझर या शल्यवैद्यासह असे रोगी वर्णिले कीं, ज्यांच्या मज्जारज्जूचा तुकडा शस्त्रक्रियेनें काढूनच टाकला होता, तरी त्यांच्या बधिर भागांत आग होतच होती. खालून निरोप येण्याचा संभवच उरला नव्हता. म्हणजे मेंदूकडील बाजूच, ऐकूं येईनासें झालेल्या देहाची वेदना स्वतः रचीत होती. तुटलेला हात दुखावा तसें हें तुटलेलें पोट दुखत होतें. ‘मग दुखेल कसें?’ या प्रश्नाचें हें पहिलें उत्तर.

दुसरें उत्तर याच्या अगदीं उलट आहे, आणि व्यवहारांत तें अधिक उपयोगी पडतें: कधीं कधीं पोट खरोखरच दुखत असतें. मज्जारज्जूच्या इजेनंतर मोठें आंतडें सुस्तावतें, मळ सांचतो, वायु धरतो. त्याची कांहीं वार्ता इजेच्या वरच्या कडेनें शिल्लक राहिलेल्या तंतूंतून जाते. कांहीं वेगस नांवाच्या तंतूनें जाते, जो डोक्याच्या कवटींतून निघून मानेंतून थेट पोटांत उतरतो व कण्याच्या वाटेस जातच नाहीं. म्हणून अशा रोग्याचें दुखणें अंधुक असतें. बोट ठेवून जागा दाखवितां येत नाहीं, नुसतें जडपण, मळमळ, बेचैनी. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश पाहणींत जुन्या रोग्यांपैकीं सुमारें तृतीयांशांनीं जुनाट पोटदुखीची वा पोटांतील अस्वस्थतेची तक्रार सांगितली, आणि मलावरोध असणारांत ती अधिक होती. याच अंधुकपणामुळें पित्ताशयांतील खडे किंवा आंत्रपुच्छाचा दाह यांसारखें घातक दुखणेंहि उशिरां लक्षांत येतें. नित्याची पोटदुखी एकाएकीं बदलली, भूक गेली, ताप आला, किंवा खांदा अकारण दुखूं लागला, तर ‘नेहमींचेंच आहे’ म्हणून स्वस्थ बसूं नये.

२०१२ सालीं या वेदनांचें जें आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठरलें त्यांत आंतड्यांची वेदना, इजेच्या पातळीवरील मज्जातंतूची वेदना आणि पातळीखालची मज्जातंतूची वेदना हीं निरनिराळीं खातीं केलीं आहेत. हा कारकुनी काथ्याकूट वाटेल. पण सारी मेख येथेंच आहे. मज्जातंतूच्या आगीवर अॅमिट्रिप्टिलीन देतात, तें आंतडें आणखी सुस्त करतें. मूत्राशय शांत ठेवण्यासाठीं दिलेलीं कांहीं औषधें तेंच करतात. अफूच्या जातीच्या गोळ्या तर आंतड्यांना कुलूपच लावतात, आणि अति झाल्या तर त्यांच्यामुळेंच नवा पोटशूळ उठतो. दुखतें म्हणून गोळी, गोळीमुळें मलावरोध, मलावरोधामुळें दुखणें, असें हें रहाटगाडगें एकदां सुरू झालें कीं, कोणता डबा कोठें भरला आणि कोठें रिकामा झाला हें कळेनासें होतें. म्हणून शहाणे वैद्य आधीं आंतड्यांची व्यवस्था लावतात. मनुष्याच्या आंतड्यांना जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आंत हालचालीची उपजत संवय असते. ती वेळ रोज ठराविक धरून, गुदांत औषधी वडी ठेवून किंवा बोटानें चेतना देऊन मळ काढतात. एवढ्यानें न भागल्यास गुदावाटे पाण्यानें मोठें आंतडें धुण्याची रीत आहे; १९९० सालीं मॅलोन या शल्यवैद्यानें आंत्रपुच्छाचेंच तोंड पोटावर काढून वरून पाणी सोडण्याची युक्ति सांगितली; आणि कांहींजण शेवटीं पोटावर मळाची पिशवी पत्करतात व सुखी होतात. याविषयीं आपल्या घरांत बोलण्याची जी लाज आहे तिच्यापायीं कितीजण वर्षानुवर्षें दुखणें काढतात! एवढें झाल्यावर जी आग उरेल तिच्यावर प्रीगॅबलिनसारखीं औषधें आहेत. अमेरिकेंत या विशिष्ट वेदनेसाठीं त्यास २०१२ सालीं मान्यता मिळाली. तीं कित्येकांची वेदना कमी करतात. क्वचितच नाहींशी करतात.

आमच्या आतेबंधूंना पुढें ज्या दुसऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनीं पोट चांचपण्यापूर्वीं त्यांच्या हातीं शंभर पानांची वही दिली आणि महिनाभर दुखण्याची वेळ, जागा, तऱ्हा, आणि त्या दिवशीं पोट साफ झालें कीं नाहीं एवढें लिहावयास सांगितलें. महिन्याअखेर वहींत एक नव्हे, दोन दुखणीं निघालीं. एक कळ, जी पोट साफ न झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं हटकून येई. दुसरा बेंबीच्या रेषेंत कमरेभोंवतीं तापलेल्या पट्ट्यासारखा दाह. तो कशालाच बांधलेला नव्हता, फक्त रात्रीं वाढे. बाईंनीं दोन गोळ्या बंद केल्या, एक सुरू केली, आणि सकाळच्या चहानंतरचा अर्धा तास कोणत्याहि कारणानें मोडावयाचा नाहीं असें घरांतील सर्वांना बजावलें.

ती वही अजून चालू आहे, ही चौथी. गेल्या महिन्यांत मी कोंकणांत गेलों होतों तेव्हां त्यांनीं ती मला दाखविली. ‘कळ’ या रकान्यांत चारच खुणा होत्या. ‘पट्टा’ हा रकाना मात्र जवळजवळ भरलेला होता, फक्त दोन दिवशीं खुणेऐवजीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें, “भाचीचें लग्न. लक्ष नव्हतें.”